आवाज फ्रीजरचा, आळ कॉम्प्रेसरवर

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातून एका वाचक भगिनीचं पत्र आहे. नाव-गाव गाळून थोडक्यात देतो. त्यांचा फ्रीज दोन दारांचा, फ्रॉस्ट-फ्री, सात वर्षांचा. एप्रिलपासून वरच्या फ्रीजरमधून घर्रघर्र आवाज येतो. मध्येच तासभर शांतता, मग पुन्हा सुरू. रात्री पलीकडच्या खोलीत सासऱ्यांची झोप मोडते. एप्रिलच्या शेवटी वादळवाऱ्यात तारा तुटून दीड दिवस लाइट नव्हती, तेव्हा फ्रीजर जवळजवळ रिकामा होता. लाइट आल्यावर आठवडाभर आवाज गेला आणि मग परत आला. दार उघडलं की आवाज थांबतो, त्यामुळे मेकॅनिक आला तेव्हा त्याला तो नीट ऐकवताही आला नाही. तरी त्याने मागे हात लावून ‘कॉम्प्रेसर गेला’ म्हणून सांगितलं. कॉम्प्रेसर आणि गॅस मिळून नऊ हजार. यजमान म्हणतात, एवढे घालण्यापेक्षा चतुर्थीआधी एक्स्चेंजमध्ये नवा घेऊ. सासूबाई म्हणतात, थंड होतंय ना, मग वाजू दे. आत पावसाळ्याची मासळी भरलीय, फ्रीज बंद करायचा नाही. त्यात मे महिन्याच्या उकाड्याने खालच्या कप्प्यातलं दूधही टिकत नाही. ‘दुरुस्त करावा की नवा घ्यावा, आणि या दोघांपैकी कुणाचं ऐकावं?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई,

दुरुस्त की नवा, हा प्रश्न तुमच्या घरात महिनाभर चाललाय. पण बिघडलंय काय, हे अजून कुणी पाहिलेलंच नाही. मेकॅनिकने पाठीमागे हात लावला, यजमानांनी नऊ हजारांचा आकडा ऐकला आणि सासूबाईंनी आतली मासळी आठवली. तिघांची उत्तरं तयार आहेत. फ्रीज नीट ऐकलाय तो तुम्ही एकट्यानेच, आणि जे ऐकलं ते पत्रात जाता जाता लिहूनही टाकलंय.

पहिली गोष्ट, दार उघडलं की आवाज थांबतो. कॉम्प्रेसर फ्रीजच्या पाठीमागे तळाशी असतो आणि दार उघडलं म्हणून तो थांबत नाही. थांबतो तो फ्रीजरच्या आतला पंखा. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये फ्रीजरच्या मागच्या प्लास्टिकच्या पडद्याआड थंडाव्याची कॉइल असते आणि तिच्यावर एक लहान पंखा. तो कॉइलवरची गार हवा फ्रीजरमध्ये फेकतो आणि एका नळीतून खालच्या कप्प्यातही पाठवतो. दार उघडल्यावर गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून बऱ्याच फ्रीजमध्ये दाराच्या चौकटीतला स्विच हा पंखा बंद करतो. म्हणजे आवाज करणारा कोण, हे दाराने तुम्हाला सांगितलंच होतं. खात्री करायची असेल तर दार उघडं ठेवून चौकटीतला तो स्विच कोरड्या बोटाने दाबून धरा. घर्रघर्र पुन्हा सुरू झाली तर शंकेला जागाच उरत नाही. मेकॅनिकलाही आवाज ऐकवायची हीच युक्ती आहे.

दुसरी गोष्ट त्या दीड दिवसाची. लाइट नसताना कॉम्प्रेसर काही बरा होत नाही, पण बर्फ वितळतो. रिकामा फ्रीजर दीड दिवस बंद राहिला, पडद्यामागचा बर्फ उतरला, पंख्याची पाती मोकळी झाली. पुढच्या आठवड्यात बर्फ पुन्हा साचत साचत पात्यांपर्यंत आला आणि सायकलच्या तारांत पत्त्याचं पान अडकवल्यासारखा आवाज परत सुरू झाला. पंख्याची मोटर झिजली असती, तर लाइट आल्यावर पहिल्या दिवसापासून वाजली असती.

तिसरी गोष्ट तुम्ही उकाड्याच्या खात्यात टाकलीत, ती दुधाची. उकाडा मलाही होतोय, पण चालू फ्रीजमधलं दूध त्याने फुटत नाही. कॉइल बर्फाने लिंपली की तिच्यातून हवा खेळत नाही. मग आधी मार बसतो तो खालच्या कप्प्याला, कारण त्याला गारवा वरूनच उसना मिळतो. फ्रीजर दगडासारखा कडक आणि खाली दूध फुटतंय, ही जोडी दिसली की मी आधी पडद्यामागच्या बर्फाचा संशय घेतो. सासूबाईंचं ‘थंड होतंय ना’ हे म्हणणं वरच्या मजल्यापुरतंच खरं आहे, आणि तिथेही फार दिवस टिकेल असं नाही.

हा बर्फ होतो कसा, तेही सांगतो, कारण मेकॅनिकशी बोलायला उपयोगी पडेल. दार उघडताना बाहेरची दमट हवा आत शिरते आणि तिच्यातलं पाणी कॉइलवर गोठतं. ते काढायला कॉइलखाली एक हीटर असतो. कॉम्प्रेसर काही तास चालून झाला की टायमर किंवा सर्किट बोर्ड त्याला थोडा वेळ थांबवतं आणि हीटर लावतं. बर्फाचं पाणी होऊन नळीवाटे पाठीमागच्या तबकात पडतं आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने वाळून जातं. हे चक्र आपल्या नकळत चालतं. हीटर जळाला, त्याचा फ्यूज उडाला, हीटरला चालू-बंद करणारा बायमेटल किंवा सेन्सर बिघडला, टायमर अडकला, यांतलं एक काहीही झालं तरी बर्फ साचतच जातो. आपल्या किनारपट्टीच्या हवेत मे-जूनमध्ये तो अधिकच वेगाने साचतो. आयटीआयमध्ये मी रेफ्रिजरेशन शिकवायचो तेव्हा पावसाळ्याच्या तोंडावर ही तक्रार घेऊन लोक यायचे, आणि निम्मे जण आधीच कॉम्प्रेसरच्या भीतीने गळाठलेले असायचे.

यातला कुठलाही भाग कॉम्प्रेसरच्या मानाने स्वस्तच असतो. बायमेटल, फ्यूज, हीटर हा खर्च शेकड्यांतला, हजारांतला नव्हे. बोर्ड गेला असेल तर थोडा जास्त.

मात्र हीटरकडे जाण्याआधी दाराचं रबर तपासा, त्याला पैसे लागत नाहीत. दहा रुपयांची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तर तिथे रबर बसत नाही. चारही बाजूंनी हे करून पाहा. बऱ्याचदा रबर फाटलेलं नसतं, नुसतं मळलेलं असतं. कोमट साबणाच्या पाण्याने खाचा पुसल्या की पुन्हा चिकटतं. दुसरं, आत पिशव्या इतक्या कोंबल्या आहेत का, की दार पूर्ण लागत नाही? आणि मागच्या पडद्यावरच्या हवेच्या जाळ्या पिशव्यांनी बुजल्या आहेत का? तुमचा आवाज मासळी भरण्याआधीपासूनचा आहे, त्यामुळे खापर मासळीवर फोडत नाही. पण इतर वाचकांच्या घरी नेमकं एवढंच कारण असू शकतं.

आता सासूबाईंकडे येतो. त्या अडून बसल्यात असं तुम्ही लिहिलंय. मला तसं वाटत नाही. मासेमारीबंदीमुळे १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस ट्रॉलर बंदराला लागलेले असतात. या दिवसांत बाजारात मासळी मिळते ती थोडी आणि महाग. ज्या बाईने मे महिन्यात इसवणाचे (सुरमईचे) काप आणि सुंगटं (कोळंबी) साफ करून डबे भरून ठेवलेत, तिला ‘बर्फ उतरवायला फ्रीज चोवीस तास बंद करा’ म्हणणं म्हणजे तिच्या दोन महिन्यांच्या सोयीवर पाणी सोडायला सांगणं. तिने नाही म्हटलं, तर त्यात हट्ट कसला?

आणि तुमच्या बाबतीत चोवीस तासांची गरजही नाही. फ्रीज पूर्ण बंद करून बर्फ उतरवायचा तो कारण शोधण्यासाठी. ती परीक्षा एप्रिलच्या वादळाने तुमच्यासाठी घेऊन टाकलीय. उलट आत्ता बर्फ उतरवला तर पुरावाच जाईल. पडदा काढल्यावर कॉइलवर बर्फ कसा बसलाय हे पाहणं फार महत्त्वाचं असतं. सगळ्या कॉइलवर सारखा जाड थर असेल तर हीटरचं चक्र बंद पडलंय. एकाच कोपऱ्यात बर्फ आणि बाकी कॉइल कोरडी असेल तर गॅस कमी झालाय. पडदा न काढता जो ‘गॅस गेला’ किंवा ‘कॉम्प्रेसर गेला’ सांगतो, तो अंदाज सांगतो.

बायमेटलचीही एक गंमत आहे. हा तापमानावर चालणारा स्विच कडक थंडीतच जुळतो, नेहमीच्या तापमानाला सुटलेला असतो. बर्फ उतरल्यावर, गरम हवेत मीटर लावला तर चांगला बायमेटलही खराब दिसतो. म्हणून मेकॅनिकला बर्फ असतानाच बोलवा आणि फोनवर सांगा, की फ्रीजरचा मागचा पडदा खोलून डिफ्रॉस्ट हीटर, फ्यूज आणि बायमेटल किंवा सेन्सर मीटरने तपासायचाय. येताना तुमच्या मॉडेलचा बायमेटल आणि फ्यूज घेऊन यायलाही सांगा. मॉडेल नंबर दाराच्या आत किंवा बाजूला चिकटवलेला असतो. सुटा भाग हाताशी असेल तर बर्फ उतरवून, भाग बदलून दोन-तीन तासांत काम होतं.

तेवढ्या वेळेपुरती मासळी बाहेर. मासळीवाल्याकडून थर्मोकोलची एक पेटी मागून घ्या, तळाला बर्फ, त्यावर गोठलेले डबे एकमेकांना चिकटवून, वर पुन्हा बर्फ, वर्तमानपत्राचे दोन-तीन थर आणि घट्ट झाकण. तीन तासांत त्या डब्यांना काहीही होत नाही. दार न उघडलेला भरगच्च फ्रीजर लाइट गेल्यावर साधारण ४८ तास तग धरतो, अर्धा भरलेला २४ तास. हा हिशोब सासूबाईंना सांगा, पावसात लाइट गेल्यावरही कामाला येईल. ज्या मासळीत अजून बर्फाचे कण दिसतात ती परत गोठवता येते. पूर्ण सुटली असेल पण गार असेल तर त्याच दिवशी शिजवा. बांगडे, तारले, कुप्पा (ट्यूना) यांच्या बाबतीत जास्त जपा. हे मासे उबेत राहिले तर त्यांत हिस्टामिन तयार होतं आणि ते कितीही उकळलं तरी जात नाही. कोमट झालेला बांगडा टाकून द्यावा, त्यात जीव अडकवू नये.

एक विनंती सासूबाईंनाही. पेटी भरताना आतलं काय काय निघतंय ते पाहा. सुके बांगडे, सुकी सुंगटं, आमसुलं, मिरच्या यांना फ्रीजर लागतच नाही. फ्रीज नव्हते तेव्हाही आपल्याकडे पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, होतंच, बरण्यांत आणि चुलीवरच्या माळ्यावर. ते बाहेर काढलंत तर हवा खेळायला जागा होईल आणि दारही नीट लागेल. नारळाचा चून, म्हणजे खवलेला नारळ, मात्र राहू दे.

यजमानांचं म्हणणंही मोडीत काढायचं कारण नाही. काही बिघाडांत नवा घेणंच शहाणपणाचं असतं. भिंतीच्या आतल्या फोममध्ये दडलेल्या नळीतून गॅस गळत असेल, किंवा वॉरंटी संपल्यावर खरोखर कॉम्प्रेसर गेला आणि खर्च नव्याच्या निम्म्यावर पोचला, तर जुन्यावर पैसे घालू नयेत. तुमच्या फ्रीजची ती वेळ आलेली दिसत नाही. आज तो एक्स्चेंजमध्ये दिलात तर कुणीतरी त्याचा बायमेटल बदलेल आणि तो दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात मुकाट्याने चालेल.

आणि नऊ हजार द्यायच्या आधी वॉरंटी कार्ड शोधलंत का? बऱ्याच कंपन्या कॉम्प्रेसरला दहा वर्षांची वॉरंटी देतात. तशी असेल तर सात वर्षांच्या फ्रीजचा कॉम्प्रेसर खरोखर गेला असता, तरी त्याची किंमत तुमच्यावर पडली नसती, फक्त गॅस आणि मजुरी पडली असती. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

गॅसबद्दल एक सावधगिरी. ‘गॅस भरून बघू’ या वाक्याला हो म्हणू नका. फ्रीजची यंत्रणा चारही बाजूंनी बंद असते, गॅस वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर गळतोय, आणि गळती न शोधता भरलेला पुन्हा जातो. हल्लीच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो. असतो काही ग्रॅमच, पण स्वयंपाकाच्या गॅससारखाच पेट घेणारा. कॉम्प्रेसरवरच्या लेबलवर त्याचं नाव लिहिलेलं असतं. तो भरायची वेळ आलीच, तर खिडक्या-दारं उघडी, शेगडी आणि देवापुढचं निरांजन बंद, आणि काम अशा माणसाकडून ज्याने हा गॅस हाताळलाय. कारण नसताना ती नळी कापूच देऊ नका.

इतर वाचकांसाठीही थोडं लिहितो, कारण फ्रीजच्या आवाजाची पत्रं पावसाळ्याच्या तोंडावर वाढतात.

दार उघडल्यावरही आवाज चालूच राहिला तर कान पाठीमागे न्या. खडखड असेल तर आधी पाण्याचं तबक हाताने दाबून पाहा. ते सैल बसलं की कॉम्प्रेसरबरोबर थरथरतं. मग तांब्याच्या नळ्या एकमेकींना किंवा पत्र्याला लागतायत का ते पाहा. कॉम्प्रेसरच्या पायाखालचे रबरी बुश काही वर्षांनी कडक होतात आणि सगळी थरथर पत्र्यात उतरते. बुश बदलणं हे किरकोळ काम आहे. फ्रीज चाकांच्या प्लास्टिक स्टँडवर असेल तर एकदा खाली उतरवून ऐका. जुन्या घरांतल्या जमिनी सरळ नसतात, पुढचे पाय फिरवून फ्रीज डगमगायचा थांबवला की निम्मे आवाज जातात. हात मागे घालण्याआधी प्लग काढायचा, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगतो, कारण पावसाळ्यात पाय ओले असतात.

दर काही मिनिटांनी ‘टक्’, मग थोडी गुणगुण, मग पुन्हा ‘टक्’ असं चाललं असेल आणि गारवाही कमी झाला असेल, तर कॉम्प्रेसर सुरू व्हायला धडपडतोय आणि त्याचं संरक्षक उपकरण त्याची वीज तोडतंय. तेव्हाही कॉम्प्रेसरच गेलाय असं नाही. त्याला सुरू करून देणारे रिले, कपॅसिटर किंवा कमी व्होल्टेज ही स्वस्त कारणं आधी पाहावीत. मात्र तो तसाच चालू ठेवू नका, बंद करा आणि माणूस बोलवा. रिलेच्या डबीत मेलेली पाल सापडल्याची उदाहरणंही आहेत. टकटक स्टॅबिलायझरची असेल तर फ्रीज निर्दोष. पावसाळ्यात लाइट सारखी ये-जा करते तिथे, लाइट परतल्यावर तीनेक मिनिटं थांबून वीज सोडणारा स्टॅबिलायझर असणं बरं, कारण थांबलेला कॉम्प्रेसर लगेच सुरू करायला गेलं तर त्याच्यावर ताण येतो.

समुद्रालगतच्या घरांत, मांद्रे-मोरजीकडच्या पट्ट्यात, पाठीमागचा तळाचा पत्रा खाऱ्या हवेने गंजतो. कॉम्प्रेसर त्यावरच बसलेला असतो. वर्षातून एकदा मागून पुसून पाहावं. आडवा डीप फ्रीजर असेल तर त्यात आतला पंखा बहुधा नसतोच, त्यामुळे आवाज बुश, नळ्या नाहीतर पत्रा यांचा. आणि बर्फ उतरवताना मीटर, भाग वगैरे काही नको असेल, नुसता फ्रीजर मोकळा करायचा असेल, तर प्लग काढून दारं पूर्ण उघडी ठेवा, पुढ्यात टेबल फॅन लावा, खाली जुनी लुगडी पसरा आणि एक दिवस जाऊ द्या. सुरी किंवा उलथनं घेऊन बर्फ खरवडायचा नाही. कॉइल अॅल्युमिनियमची असते, एक भोक पडलं की शेकड्यांचं काम हजारांत जातं.

बाकी गुळगुळ, चुर्र, प्लास्टिक तडकल्यासारखा आवाज, हे सगळे निरोगी फ्रीजचेही असतात. चुर्र तर चांगलाच, हीटरवर पाणी पडतंय म्हणजे हीटर चालतोय. तुमच्या घरी तो आवाज शेवटचा कधी ऐकला होता, आठवून पाहा.

ताई, मेकॅनिक तोच बोलवलात तरी हरकत नाही. त्याला खोटं पाडायला जाऊ नका, आधी स्विच दाबून आवाज ऐकवा आणि मग पडदा खोलायला सांगा. बदललेला भाग आणि बिल मागून घ्या. काम झाल्यावर मासळी लगेच आत टाकू नका. फ्रीजरमध्ये पाण्याचा एक ट्रे ठेवा, तो कडक गोठेपर्यंत पेटीचं झाकण उघडू नका आणि बर्फ कमी पडला तर वरून घाला. डबे परत लावताना मागच्या जाळीपासून चार बोटं जागा सोडा. दूध मात्र दुरुस्ती होईपर्यंत खालच्या कप्प्यात ठेवू नका, सकाळ-संध्याकाळ तापवून घ्या.